मॅगपायची बाजू

पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या मराठी मंडळींत गणपतीच्या जेवणानंतर एक गोष्ट हमखास निघते. मुलींच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर असलेल्या एका कोल्हापूरच्या वेड्या माणसाने सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये लाइन्समनला मागून ओरडून झेंडा वर करायला लावला, मग घाबरून स्वतःच रेफरीकडे जाऊन कबुली दिली आणि हातातोंडाशी आलेली लीग घालवली, अशी ती गोष्ट. सांगणारे त्याच्या बोलण्याची नक्कल करतात, ऐकणारे पोट धरून हसतात. त्या गोष्टीत लाइन्समनला नाव नसतं. ‘कोणीतरी बिचारे आजोबा’ एवढ्यावर त्याची बोळवण होते.

तो बिचारा आजोबा मी. त्या पंगतींना मी बसलो आहे, ती गोष्ट ऐकली आहे, आणि बासुंदीची वाटी पुढे करून गप्प राहिलो आहे. गोष्ट चूक आहे. कशी चूक ते सांगणारच आहे, पण आधी माणूस सांगायला हवा. माणूस कळला नाही, तर त्याने त्या दिवशी जे केलं ते कोणालाच पटायचं नाही.

मी पुण्याचा. उभा जन्म एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढला. समोर आलेल्या वस्तूला गेज लावायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढंच काम. पण ते मी इतक्या निष्ठेने केलं की घरी पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघायचो. निवृत्त झाल्यावर मुलाकडे न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला आलो. नात सई तेव्हा कॉलेजात होती. इथे कॉलेज म्हणजे आपलं हायस्कूल. आसपासच्या कॉलेजांची हिवाळ्यात फुटबॉलची लीग असते. मे महिन्यात सुरू होते, ऑगस्टअखेर संपते. सई टीममध्ये स्टॉपर होती, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभी राहणारी शेवटची मुलगी. मुलगा म्हणाला, "बाबा, घरात बसून हीटरकडे काय बघता? शनिवारी हिच्याबरोबर जा."

गेलो. गवतावर दव गोठून पांढरं झालेलं. सगळे आईबाप जाडजूड जाकिटांत. आणि त्यांच्यामध्ये एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ हाफ पँट घालून, पायात जँडल्स अडकवून उभा. जँडल्स म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रबरी स्लिपर्स. मराठी दिसतोय म्हणून मी जवळ गेलो.

"थंडी नाही वाजत?"

"वाजती की," तो म्हणाला. "पण बूट भिजला की आठवडाभर वाळत न्हाई ओ. पाय भिजला तर टॉवेल पुरतो."

या वाक्यात चूक कुठे आहे ते मी अजून शोधतो आहे.

तो तिथल्या संशोधन संस्थेत गवतावर काम करायचा. "आम्ही गवतावर जगतो साहेब, गाईगत," असं सांगायचा. मॅचआधी मैदानाच्या मधोमध जाऊन वाकायचा, गवताची काडी उपटून चावायचा, डोळे मिटायचा आणि जाहीर करायचा, "आज बॉल सरकणार न्हाई. लांब मारू नका." बॉल सुसाट सरकायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा काडी, पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा भविष्य. पण मुली काडी चावून होईपर्यंत श्वास रोखून उभ्या राहायच्या. एकदा तो आजारी होता आणि काडी चावली गेली नाही, तर गोलकीपर रडवेली झाली.

मुली त्याला ‘काका’ म्हणायच्या. सगळेच म्हणायचे; रेफरीही, समोरच्या टीमचे पालकही. टीममधल्या एका माओरी मुलीने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की आमच्या भाषेत काका म्हणजे एक जंगली पोपट, भयंकर आरडाओरडा करणारा. यावर तो इतका खूश झाला की पुढे नव्या माणसाला ओळख करून देताना छातीवर हात ठेवून सांगायचा, "काका. लाइक द बर्ड."

शाळेची कोच वेगळी होती, एक तरुण टीचर. मॅनेजरचं काम खरं म्हणजे जाळ्या बांधणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, हाफटाइमला संत्र्याच्या फोडी वाटणं. पण कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉलच्या मैदानावर फक्त बाटल्या भरायला सांगणं म्हणजे पुणेकराला सूचना न करता बसायला सांगण्यासारखं आहे. सीझनच्या पहिल्या मॅचला तो गोलपोस्टवर नारळ फोडायचा. पहिल्या वर्षी कॉलेजचा ग्राउंड्समन अंगावर धावून आला, पोस्टला पोचा पडला म्हणून. तेव्हा काकाने त्याला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि आपली बाजू समजावली. दुसऱ्या वर्षी ग्राउंड्समन स्वतःच हातोडी आणि वीट घेऊन हजर. "नट डे, काका?" म्हणाला. तिसऱ्या वर्षी त्याने खोबऱ्यासाठी डबा आणला होता.

संत्र्यांच्या फोडींवर तो तिखट-मीठ भुरभुरायचा. सुरुवातीला मुली थू थू करायच्या. मग चटक लागली. मग समोरच्या टीमच्या मुली हाफटाइमला आमच्याकडे रेंगाळू लागल्या, आणि काका त्यांनाही डबा पुढे करायचा. आमच्यातला एक बाप कुरकुरला, "अहो, तुम्ही ऑपोझिशनला कशाला खाऊ घालताय?"

"मग काय उपाशी पोरींना हरवू?" काका म्हणाला.

मैदानावर तो सगळ्यांशी कोल्हापुरी मराठीतच बोलायचा. गोऱ्या, माओरी, सामोअन, कोणत्याही पोरीला "मागं ये!", "सोड की!", "दे तिला!" असं थेट. मुलींना ते अचूक कळायचं आणि समोरच्यांना काही कळायचं नाही, त्यामुळे ती आमची गुप्त भाषाच झाली. घरी माझ्याशी इंग्रजीत उत्तरं देणारी सई एका रविवारी दारात उभी राहून म्हणाली, "काय करालाय आजोबा?" मी पेपर खाली ठेवला. नात मराठी बोलली याचा आनंद मानावा, की ती काय मराठी बोलली याचं दुःख करावं, हे मला ठरवता आलं नाही. शेवटी आनंदच मानला. त्यात काकाची बायको थर्मास घेऊन यायची आणि प्रेमाने म्हणायची, "मी चहा आणलो, घ्या की." मग सईही जेवताना सांगू लागली, "मी आलो हां, पाच मिनिटांत." सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी वरणाकडे पाहिलं.

पण हे सगळं वरवरचं वेड. त्याचं मुख्य वेड वेगळं होतं. कोणाबद्दलही तक्रार केली, की तो विचारायचा, "त्याची बाजू काय?"

एकदा एका दांडगट मुलीने सईच्या नडगीवर लाथ मारली. सगळे पालक ओरडले, मीही इंग्रजीत दोन शब्द वापरले. काका मॅच संपल्यावर त्या मुलीकडे गेला, तिच्याजवळ गवतावर बसला आणि परत येऊन म्हणाला, "बहिणीचे बूट घातल्यात ओ तिनं. पाय आत पोहालाय नुसता. ती मारंल कुठं आणि लागंल कुठं." पुढच्या वेळी त्याच्या व्हॅनमध्ये तिच्या मापाचे जुने बूट होते. कुठून मिळवले, ते त्यालाच ठाऊक.

एक रेफरी होता, ज्याला सगळे नावं ठेवायचे. तांबूस चेहऱ्याचा, थोराड, नेहमी घटनेच्या मागे धापा टाकत पोचणारा. "हा रेफरी आहे की पाहुणा?" असं मीच एकदा म्हणालो. त्यावर काका म्हणाला, "धारा काढून आलाय ओ तो. पहाटेपासनं गाईंच्या मागं पळालाय. आता आपल्या पोरींच्या मागं किती पळंल?" त्यानंतर त्या रेफरीला शिव्या देणं मला अवघड होऊन बसलं. माणसाचा हा एक मोठा त्रास होता. त्याच्या शेजारी उभं राहून मनासारखा राग करता यायचा नाही.

आता झेंड्याकडे येतो. या लीगमध्ये रेफरी एकच असतो. दोन्ही बाजूंच्या लाइन्सवर झेंडा घेऊन उभं राहायला प्रत्येक टीमने आपला एकेक पालक द्यायचा, अशी पद्धत. आपला माणूस अशा अर्ध्या भागात उभा राहतो, जिथे समोरची टीम आपल्यावर चाल करून येणार. म्हणजे त्यांच्या मुली ऑफसाइड आहेत का, ते आपल्या माणसाने सांगायचं. सगळा कारभार विश्वासावर. पालक हे काम टाळतात, कारण झेंडा हातात असला की ओरडता येत नाही आणि वारा सगळा त्याच बाजूला असतो. "कोण लाइन घेणार?" असं विचारलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागतात.

काकाने झेंडा माझ्या हातात दिला. "इन्स्पेक्टर साहेब, आयुष्यभर पास-रिजेक्ट केलासा. हे तेच."

"मला ऑफसाइड कळत नाही हो."

"सोपं हाय. बॉल मारला त्या टायमाला आपल्या शेवटच्या पोरीच्या मागं कोण आधीच जाऊन बसलंय का, बघायचं. बसलं असंल तर झेंडा वर. आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. झेंडा वर गेला की डगमगायचं न्हाई. आणि चुकला तर खाली घ्यायला लाजायचं न्हाई."

मी पहिली गोष्ट चटकन शिकलो. माझ्या स्वभावातच होती ती.

तो सीझन अजब गेला. रग्बीवर जीव टाकणाऱ्या त्या कॉलेजात फुटबॉलची टीम म्हणजे मागच्या चिखलाच्या मैदानावर ढकललेली पोरं. त्या वर्षी मात्र मुली जिंकतच गेल्या. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी स्थिती अशी होती, की आम्ही जिंकलो तर लीग आमची आणि आम्ही दुसऱ्या शहरातल्या मोठ्या टूर्नामेंटला जाणार. बरोबरी झाली तर समोरची टीम जाणार. मुलींनी प्रवासासाठी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकले होते. शेजारीच काकाने कढई मांडून भजी तळली होती, आणि सॉसेजची रांग भज्यांकडे वळल्यावर भजी टीमच्याच नावाने विकली होती. सईने बॅग आठवडाभर आधी भरून ठेवली होती.

माझ्या लाइनच्या मागे उंच पाइनची झाडं होती आणि त्यांत मॅगपायचं घरटं होतं. आपल्याकडे हा पक्षी नाही. कावळ्याएवढा, काळापांढरा, दिसायला सभ्य. पण विणीच्या दिवसांत खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतो. वॉर्मअपच्या वेळी त्याने एका बापाची टोपी उडवली आणि सगळे खूप हसले. मीही हसलो.

मॅच संपायला थोडा वेळ उरला होता. आम्ही एका गोलने पुढे. त्यांनी लांब बॉल टाकला. त्यांची एक सडपातळ मुलगी सईच्या बरोबरीने धावली. सईने पाय घातला, तो हुकला आणि सई पडली. मुलगी पुढे निघाली. ती सईच्या मागे आधी गेली नव्हती. बॉल मारला तेव्हा दोघी एका रेषेत होत्या. मी बघितलं होतं, अगदी गेज लावल्यासारखं बघितलं होतं. तेवढ्यात माझ्या कानाशी फडफड झाली, डोक्याला काहीतरी घासून गेलं आणि मी झेंडा असलेला हात वर केला. पक्ष्याला हाकलायला. बॉल जाळीत गेला. रेफरी धापा टाकत वळला, त्याने माझा झेंडा पाहिला आणि शिट्टी वाजवून गोल नाकारला.

आमच्या बाजूला जल्लोष झाला. पक्षी झाडावर परत गेला होता. माझा हात वरच होता.

हात वर गेला तो मॅगपायमुळे, हे मी शपथेवर सांगतो. पण वर राहिला तो मॅगपायमुळे नाही. सई चिखलात पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. तिच्या हातून सुटलेली मुलगी, तिच्यामुळे जाणारी लीग, ती भरून ठेवलेली बॅग, हे सगळं माझ्या एका हाताने थांबलं होतं. मला तो खाली घेववेना.

मागून जँडल्सची चपक चपक ऐकू आली. काका माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "पाखरू होतं नव्हं?" हळूच म्हणाला.

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्याने क्षणभर वाट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं आणि तसाच मैदानात चालत गेला. चिखलात एक जँडल अडकली, ती तिथेच सोडून गेला. त्याचं इंग्रजी मला लाइनवर स्पष्ट ऐकू आलं.

"माय मिस्टेक, रेफ. आय शाउटेड, फ्लॅग अप. ओल्ड मॅन जस्ट लिसन्ड. गुड गोल."

रेफरीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी झेंडा खाली घेतला आणि मान हलवली. त्या एका होकारात मी दोन गोष्टी कबूल केल्या. गोल खरा होता, ही खरी. काका ओरडला होता, ही खोटी. काका ओरडला नव्हता. तो वीस-पंचवीस पावलं मागे संत्र्यांचा रिकामा डबा पुसत उभा होता.

मॅच बरोबरीत सुटली. लीग गेली. समोरच्या टीमच्या कोचने काकाचा हात हातात घेतला, पण आमचे पालक त्याच्याशी बोलेनात. मॅनेजरने लाइन्समनला मागून सांगणं म्हणजे लबाडीच, आणि ती कबूल करणं म्हणजे मूर्खपणा, असं दोन्हीकडून तो वाईट ठरला. पुढच्या वर्षी थोडी विश्रांती घ्या, असं कॉलेजने त्याला गोड शब्दांत सांगितलं. गाडीत सई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "ही मेड यू चीट, आजोबा. यू! तुम्ही तर पोळीपण चेक करता." तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. तो रस्त्यात भेटला तर ती दुसरीकडे बघायची. ज्या माणसाने तिला मराठी बोलायला लावलं, त्याच्याशी ती मराठीतही बोलेना.

मी एकदा बाजारात त्याला गाठलं. "अहो, त्या दिवशी मी..."

"साहेब, कोबी बघा की. काय गड्डा हाय!"

"ऐका तरी. मी सईला सांगतो आज."

त्याने कोबी खाली ठेवला. "कशाला? पोरीला आजोबा एकच हाय. मॅनेजर दुसरा मिळंल." आणि मग माझा चेहरा बघून म्हणाला, "सीझन गेला ओ. सीझन परत येतो."

पुढच्या सीझनच्या आधीच तो बायकोला घेऊन टौरंगाला किवीफ्रूटच्या बागांच्या कामावर निघून गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात लाज वाटते ती त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

आता आम्ही हॅमिल्टनला, रोटोटुनात राहतो. सई शिकून नोकरीला लागली आणि शनिवारी लहान मुलींच्या टीमला कोचिंग करते. मी घडीची खुर्ची घेऊन जातो. या हिवाळ्यात एकदा हाफटाइमला तिने डबा उघडला. संत्र्याच्या फोडी, वर तिखट-मीठ. मुली थू थू करून पुन्हा हात पुढे करत होत्या. एका आईने विचारलं, "हे कुठून शिकलीस?" सई म्हणाली, "जस्ट अ थिंग." आणि डबा बंद करताना क्षणभर थांबली.

मॅच संपल्यावर जाळ्यांची घडी करता करता मी तिला सगळं सांगितलं. ती जाळी हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे काका ओरडलेच नव्हते?"

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं, इट वॉज अ गुड गोल?"

"माहीत होतं. पण तू चिखलात पडली होतीस. माझ्याकडे बघत होतीस. मला हात खाली..."

"आजोबा," सई म्हणाली, "मी मॅगपायकडे बघत होते."

"काय?"

"तुमच्या डोक्यावरून झाडावर जाऊन परत तुमच्यावरच टपला होता तो! मला वाटलं, ही इज गोइंग टू टेक युअर इअर ऑफ. मला वाटलं, तुम्ही आधी फ्लॅग वर केला आणि मग तो आला."

इतकी वर्षं मी ती नजर उराशी धरून बसलो होतो, आणि ती नजर माझ्यासाठी नव्हतीच. मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली. सई मात्र हसली नाही. तिने जाळी गाडीत फेकली. "मी काकांशी बोलले नाही, आजोबा. एकदाही नाही. गेट इन द कार."

टौरंगाच्या वाटेवरचा कायमाईचा डोंगर ओलांडेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ते माझं मला मिळालं, आणि योग्यच होतं.

काका वेलींच्या मांडवाखाली उभा होता. केस पांढरे, हाफ पँट तीच, पायात जँडल्स. सई गाडीतून उतरून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. वाटेत तिने बरंच काही ठरवलं असावं, पण तोंडातून निघालं एवढंच, "काय करालाय काका?"

त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "किवी मोजालोय. किती उंच झालीस गं!" मग घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, चहा टाक! आपला स्टॉपर आलाय!"

चहा पिताना सईने माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तुझा आजा हात वर करून उभा होता. म्हातारं माणूस, हात दुखंल म्हणून खाली करायला गेलो. एवढंच झालं बघ."

मी म्हणालो, "मी हे लिहिणार आहे. मंडळाच्या दिवाळी अंकात. सगळं, जसं झालं तसं."

"लिहा की. पण एक करा. त्या पाखराला नावं ठेवू नका. वर पिल्लं होती त्याची. त्याची बाजू बरोबर हाय."

पुढच्या शनिवारी तो बायकोला आणि थर्मासला घेऊन रोटोटुनाला हजर. मैदानावर वाकून काडी चावली आणि बॉल सरकणार नाही म्हणून सांगितलं. सईने विचारलं, "लाइन कोण घेणार?" सगळे पालक बुटांकडे बघू लागले. काकाने व्हॅनमधून सायकलचं एक जुनं हेल्मेट काढलं. त्याच्या मागच्या बाजूला त्याने रंगाने दोन मोठे डोळे काढले होते. मागून कोणी बघतंय असं वाटलं की मॅगपाय येत नाही, अशी इथली समजूत आहे. ते त्याने माझ्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली बंद लावला आणि झेंडा हातात दिला. मुली खिदळल्या. सईने फोटो काढला. मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय तो हाच, आणि आजोबांना काय झालं म्हणून विचारणाऱ्या सगळ्यांना हे उत्तर.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांची एक चिमुरडी पुढे पळाली आणि मी झेंडा वर केला. रेफरीची शिट्टी ओठांवर गेली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पोर रेषेतच होती, चूक माझ्या डोळ्यांची. मी झेंडा खाली घेतला आणि जोरजोरात मान हलवली. त्या पोरीने गोल केला. आमच्यातली एक आई कळवळून ओरडली, "अहो आजोबा!"

मागून चपक चपक आवाज आला आणि मग एक भयंकर, जंगली, आनंदी आरोळी:

"शिकलासा की ओ साहेब!"

तर गणपतीला ती गोष्ट जरूर सांगा. नक्कलही करा, नक्कल चांगली होते. फक्त या वेळी तो खरंच मागून ओरडला होता, आणि झेंडा खाली आल्यावर ओरडला होता, एवढी दुरुस्ती करून घ्या.